भिंगरीच्या पोरांची झबली

एक होता राजा. या राजाचं आपल्या गोष्टीत फारसं काम नाही, बरं का. पण राजा नसला की तुम्ही ऐकत नाही, म्हणून तो आहे. बसू दे त्याला सिंहासनावर. लागला तर हाक मारू.

तर राजाच्या महालामागे होतं परसू, आणि परसात होतं लिंबाचं झाड. सगळे तिला लिंबोणीबाई म्हणायचे. ती फार वर्षांची होती आणि तिच्या अंगभर काटे होते, म्हणून तिला कुणी अगंतुगं करत नसे. लिंबोणीबाईंच्या अंगाखांद्यावर भिंगरी नावाचं फुलपाखरू बागडायचं. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि एका जागी म्हणून बसणं नाही. आताची फुलपाखरं चार दिवसांची पाहुणी असतात. पण त्या काळी ती पुष्कळ जगायची, म्हणून गोष्टीच्या शेवटापर्यंत हीच भिंगरी आहे. दुसरी शोधायला जाऊ नका.

भिंगरी पानापानावर जाऊन अंडी घालायची. एका पानावर एकच. मोत्याच्या दाण्याएवढं. मग अंड्यातून पोर निघायचं. फुलपाखराचं पोर म्हणजे काय? अळी. पण तेव्हाच्या अळ्या आतासारख्या नव्हत्या. तेव्हा त्या गुबगुबीत, पिवळ्याधमक आणि चकचकीत होत्या. हिरव्या पानावर बसल्या की ताटात बुंदीचे लाडू मांडल्यासारखं दिसायचं.

आणि शेजारी मेंदीच्या कुंपणात कोण राहायचं? बुलबुल पाटील. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका, आणि चालणं असं की जणू परसू यांच्याच नावावर आहे. पाटील सकाळी उठायचे, तुरा नीट करायचे, आळस द्यायचे आणि लिंबोणीबाईंकडे जाऊन न्याहारी करायचे. दोन लाडू स्वतःला, बाकीचे पोरांना. एक लाडू इकडचा, एक लाडू तिकडचा. झाड रिकामं.

भिंगरीला किती पोरं झाली असतील त्याला गणती नाही. पण त्यातलं एकही कधी उडालं नाही. उडायच्या आधीच संपायचं. बाकी काही नको, पण आपलं एक तरी पोर पंख पसरून उडताना डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. एवढीच, बरं का.

तेव्हा जगात सगळ्यांना रंग देणारी एक रंगारीण होती. ओढ्याच्या पलीकडे तिचं खोपट, पुढे शेणानं सारवलेला ओटा, आणि ओट्यावर रंगाच्या कढया. एकीतून हळदीचा वास, एकीतून मातीचा, एकीतून कसला ते विचारायचं नाही. म्हातारीचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. कधी निळे, कधी जांभळे. सगळी जनावरं तिच्याकडे जायची. तिच्या ओट्याचे नियम होते. पहिला नियम, ओट्यावर कुणी कुणाला खायचं नाही. दुसरा नियम, जो येईल त्याला मिळेल. ससा आला तर सशाला, ससा खाणारा आला तर त्यालाही. आणि तिसरा नियम सगळ्यात विचित्र. रंग मागणाऱ्याला लागायचा नाही. तो त्याच्या पोरांना लागायचा. म्हातारी द्रोणात रंग द्यायची आणि सांगायची, "जा, अंड्याला लाव."

मग भिंगरी तिथे गेली. रांगेत तिच्यापुढे सरडा होता. त्याला कुठला रंग हवा ते ठरत नव्हतं. हिरवा नको, तपकिरी दे. तपकिरी नको, तांबडा बघू. म्हातारी कंटाळली आणि तिनं सगळ्या कढयांतला एकेक थेंब त्याच्या द्रोणात टाकला. म्हणाली, "तुझ्या पोरांचं पोरं बघून घेतील. हो बाजूला."

मग भिंगरीची पाळी आली. तिनं आपलं सगळं दुःख सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटलाला काय आवडतं?"

"माझी पोरं."

"ते कळलं. त्याला आवडत नाही असं काय? कशाकडे तो ढुंकूनसुद्धा बघत नाही?"

भिंगरी विचार करू लागली. पाटील मोठे टापटिपीचे. आंघोळ करणार, तुरा विंचरणार. खातात कसे, तर दाखवून दाखवून. पण खाऊन झाल्यावर ते जे पानावर टाकून जातात ना, तिकडे मात्र ते कधी वळून बघत नाहीत. जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

तान्या, हसू नकोस. तुला कळलं ते म्हातारीलाही कळलं.

ती खुदखुदत उठली आणि त्या वास न विचारायच्या कढईपाशी गेली. तिनं काळपट तपकिरी रंग काढला, त्यावर मधोमध पांढरा ओघळ सोडला आणि द्रोण पुढे केला.

भिंगरीचा चेहरा पडला. "आजी, माझी पोरं पाटलांच्या शिटेसारखी दिसणार?"

"हुबेहूब."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक शी म्हणतील," म्हातारी म्हणाली. "पोराला कुणी शी म्हटलेलं बरं, का मटकन गिळलेलं बरं?"

भिंगरी द्रोणाच्या कडेवर येऊन बसली.

"आणि हे बघ," म्हातारी म्हणाली, "घेतलंस तर काही सोडावंही लागेल. या झबल्यात पोरांनी दिवसा हुंदडायचं नाही. एका पानावर गप्प बसायचं. शीट हुंदडत नाही."

भिंगरीनं द्रोण घेतला आणि अंड्यांना लावला. मग पोरं निघाली. काय सांगू, सख्ख्या आईला ओळखू येईनात. एकदा तर भिंगरी एका पोराची पापी घ्यायला गेली, आणि ते पोर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटील न्याहारीला आले. बघतात तर काय, लाडू एकही नाही आणि पानापानावर घाण. पाटील चरकले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना ते पाहिलं. मग हळूच कुंपणात परत आले आणि तोंड पाडून बसले.

पाटलीणबाई म्हणाल्या, "अहो, पोरांचं खाणं कुठंय?"

"पोरांचं राहू दे," पाटील म्हणाले. "माझंच पोट बिघडलंय बहुतेक. सगळं झाड भरलंय गं. एवढं मी कधी केलं, मलाच आठवत नाही."

पाटलीणबाईंनी त्यांना ओवा दिला. पाटलांनी ओवा खाल्ला आणि पोटाला आराम म्हणून दिवसभर उपास केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडाकडे गेले. तिथे तेवढंच, उलट थोडं जास्तच. पुन्हा ओवा. पाटील वाळून काडी झाले. घरट्यात पोरं चोची वासून ओरडत राहिली. आणि भिंगरी वरच्या फांदीवर आनंदानं गिरक्या घेत होती.

पण पाटलीणबाई काही पाटलांसारख्या नव्हत्या, बरं का. पाटील फक्त खायचे. घरटं साफ कोण करायचं? पाटलीणबाई. पोरांनी केलेलं चोचीनं उचलून लांब नेऊन कोण टाकायचं? पाटलीणबाईच. त्यामुळे या बाबतीत साऱ्या परसात त्यांच्याइतकं जाणतं कुणी नव्हतं. त्या स्वतः झाडावर गेल्या, एका पानासमोर बसल्या आणि बघत राहिल्या.

मग घरी येऊन म्हणाल्या, "अहो, तो ओवा ठेवा बाजूला. तुमच्या पोटाला काही झालेलं नाही."

"कशावरून?"

"एवढं ऊन पडलंय, पण ती वाळत नाही. आणि सकाळी वरच्या पानावर होती, ती आता खालच्या पानावर आहे. शीट कधी जिना उतरते का हो?"

पाटील विचारात पडले. त्यांनी ह्या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता.

मग पाटलीणबाई कुठे गेल्या? ओढ्यापलीकडे. रंगारीण म्हातारीला म्हणाल्या, "आजी, माझ्या पोरांना नजर दे." म्हातारीनं काजळाची डबी काढून दिली. "अंड्याला लाव. पोरांना पानावरची शीरसुद्धा वेगळी दिसेल. पण काही सोडावं लागेल. तुझी पोरं पटकन जेवायची नाहीत. प्रत्येक घास फिरवून फिरवून बघतील."

तसंच झालं. पाटलीणबाईंची नवी पोरं जेवायला बसली की डोकं तिरकं करून घास इकडून बघ, तिकडून बघ. आपली शेवू भाजीतली मोहरी निवडते ना, तशी. पण एकदा का त्यांनी झाडाकडे पाहिलं, की झबल्यातली लबाडी तिथेच उघडी पडायची. बारकी पोरं सुटायची, ती खरंच शिटेएवढी होती. पण मोठी झालेली दिसायची. एवढी मोठी शीट कुणाची? हत्ती काय झाडावर चढलाय? झालं. भिंगरीचं झाड पुन्हा रिकामं.

मग भिंगरी पुन्हा रंगारणीकडे गेली. म्हातारी म्हणाली, "लहानपणी पहिलं झबलं राहू दे. मोठं झालं की ते काढून टाकायचं आणि आतून दुसरं." या खेपेला तिनं कोवळ्या पानाचा हिरवा रंग दिला आणि त्यावर पट्टा काढला, पानावर सावली पडते तसा. "पण यात काय सोडावं लागेल? पोरांनी हिरव्या पानावरच बसायचं. दुसरीकडे कुठे बसायची हौस आली तर मी जबाबदार नाही."

हे झबलं इतकं बेमालूम झालं, की काजळ घातलेली पोरंसुद्धा अळीच्या पाठीवर पाय ठेवून पुढे गेली. पाटील म्हणाले, "मी सांगतो, भिंगरी हे झाड सोडून गेली." आणि त्यांनी सवयीनं थोडा ओवा खाल्ला.

पाटलीणबाईंनी मात्र पोरांना जवळ घेतलं. म्हणाल्या, "अळी शोधू नका. पानं बघा. ज्या पानाची कड कुरतडलेली, त्याच्या आसपास बघा. जिथे ताट उष्टं, तिथे जेवणारा जवळच असतो." एवढं सांगायला रंगारीण लागली नाही. आईच पुरली.

झाड तिसऱ्यांदा रिकामं झालं.

आता भिंगरी थकली होती. तिच्या पंखांची झालर विरली होती. शेवटची थोडी अंडी राहिली होती, तेवढीच. ती ओढा ओलांडून गेली, तर ओट्यावर आधीच कोण बसलेलं? पाटलीणबाई. डबीतलं काजळ संपलं म्हणून आल्या होत्या.

भिंगरीनं तोंड फिरवलं. "बसल्यात पोरं खाणाऱ्या."

"अगं, बैस की," पाटलीणबाई म्हणाल्या. "इथे नियम आहे, नाहीतर तुझ्याशी बोलत नसते बसले. आणि मी माझ्या पोरांना काय वारा खाऊन वाढवू? तुझ्या त्या घाणेरड्या झबल्यापायी माझे मालक ओवा खाऊन खाऊन अर्धे झाले."

"चांगलं झालं."

"एका खेपेला दोन पोरं भुकेनं गेली माझी," पाटलीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या.

भिंगरी ओट्याच्या कडेला बसली.

तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत एक पान आलं आणि ओट्यावर टेकलं. कडेनं कुरतडलेलं, भोकं पडलेलं. ते लिंबोणीबाईंचं पान होतं. झाडाला चालता येत नाही ना, म्हणून त्यांनी पान पाठवलं होतं. पान धापा टाकत म्हणालं, "आजी, बाईंचा निरोप आहे. तुझ्याकडून काटे घेतले, पण ती कार्टी काट्याला वळसा घालून येतात. मग पानांत ते उग्र, आंबट-कडू तेल घेतलं. तेवढ्यानं गाई-बकऱ्या पळाल्या, पण ही कार्टी तेही मिटक्या मारत खातात. बाईंनी विचारलंय, माझी पोरं खाणारीला आवर घालायला आणखी काय देतेस?"

"कोण खाते तुमची पोरं?" म्हातारीनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

पानानं देठ उचलून भिंगरीकडे दाखवला.

पाटलीणबाईंनी भिंगरीकडे पाहिलं. मग त्या दुसरीकडे बघू लागल्या. पण त्यांचा तुरा हसून हसून हलत होता. "बसल्यात पोरं खाणाऱ्या," त्या हळूच म्हणाल्या.

भिंगरीला ओटा फाटून आत घेईल तर बरं असं झालं. पानांनाही आई असते, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती म्हातारीला म्हणाली, "आजी, हे मिटव आता. माझ्या पोरांना असं काही दे, की त्यांना कुणी कधी खाणार नाही. कधीच नाही."

"आहे की," म्हातारी म्हणाली. ती आत गेली आणि धूळ बसलेली एक कढई घेऊन आली. आत करडा रंग होता. "हा दगडाचा. हा लावला की पोर दगड होतं. मग त्याला कुणी खात नाही, आणि तेही कुणाला खात नाही. पाटलीण खूश, लिंबोणी खूश. घे."

भिंगरीनं कढईत वाकून पाहिलं.

"दगड उडतो का गं, आजी?"

"नाही."

"मग नको."

म्हातारीनं कढई पुन्हा आत ठेवली. ती म्हणाली, "भिंगरी, माझ्याकडे तुझ्याजोगं काही उरलं नाही. तुझ्या घरी काय आहे?"

"घरी काय असणार? ही पानं. तेलकट, उग्र."

"मग झालं की. लिंबोणीनं जे तुझ्यासाठी केलं, तेच तू पाटलिणीसाठी ठेव." म्हातारीनं बेचक्यासारखी दोन टोकांची एक इवलीशी तांबडी पिशवी काढली. "ही पोराच्या मानेत राहील. पोर पान खाईल तसं उग्र तेल पिशवीत साचेल. जिवावर बेतलं की पिशवी बाहेर काढायची. तांबडी शिंगं दिसतील आणि असा भपकारा सुटेल, की विचारू नकोस. पण एकदा काढली की ती रिकामी. पुन्हा भरायला वेळ लागेल. म्हणून उगाच कुणाला भिववायला काढायची नाही."

हे सगळं पाटलीणबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. ओट्यावर गुपित नसायचं. त्या म्हणाल्या, "आजी, मग मला काय?"

"तुला ऐकायला मिळालं ना? तेवढंच तुझं. वर ही काजळाची डबी घे," म्हातारी म्हणाली. मग तिनं पानाला जवळ घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगून वाऱ्यावर सोडून दिलं. काय सांगितलं ते पुढे येईल. डोळे उघडे ठेवलेत तर.

भिंगरीनं शेवटच्या अंड्यांना पिशव्या लावल्या. पोरं निघाली. काहींना वाऱ्यानं नेलं, काहींना मुंग्यांनी, काही पाटलिणीच्या पोरांनी नेली. शेवटी एकच उरलं. ढब्बू.

आणि हा ढब्बू म्हणजे, काय सांगू तुम्हाला. शिटेचं झबलं होतं तेव्हा भर उन्हात फिरायला निघायचा. आई वरून ओरडायची, "ढब्बू, शीट फिरत नाही!" की हा थांबायचा आणि विचारायचा, "मग शीट काय करते?" हिरवं झबलं आलं तर हा बसला कुठे? पिकलेल्या पिवळ्या लिंबावर. का, तर तिथे गार लागतं म्हणून.

तो तसा लिंबावर बसलेला असताना पाटलिणीची धाकटी लेक टिपरी पहिल्यांदाच एकटी शिकारीला आली. तिचा तुरा अजून पुरता फुटला नव्हता. डोळ्यांत मात्र काजळ भरपूर. तिनं डोकं तिरकं केलं, आणि पिवळ्यावर हिरवं दिसलं. ती उडी मारून पुढे आली आणि तिनं ढब्बूला टोचलं.

भिंगरी वरच्या फांदीवर होती. ती तिथूनच ओरडली, "ढब्बू, पिशवी!"

ढब्बूला आईनं शिकवलेलं एकही आठवेना. पण पिशवी काही त्याच्या आठवणीवर अवलंबून नव्हती. मानेतून दोन तांबडी शिंगं फटकन बाहेर आली, आणि भपकारा सुटला. लिंबाची सालं सडवून त्यात जुनं लोणी कालवलं तर कसा वास येईल, तसा. टिपरीच्या जिभेला तेल लागलं. तिनं जीभ बाहेर काढली, ती फांदीला पुसली, दुसऱ्या फांदीला पुसली. डोळ्यांतून पाणी आणि सगळं काजळ गालावर. "आई गं," करून तिनं जो सूर लावला, तो ऐकून पाटलीणबाई धावत आल्या.

त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. शिंगं बाहेर आलेली, म्हणजे पिशवी रिकामी. ओट्यावर ऐकलं होतं ना. त्यांनी शांतपणे ढब्बूला चोचीत उचललं आणि टिपरीपुढे धरलं. आता खा, आता काही होत नाही.

टिपरीनं चोच घट्ट मिटली.

पाटलीणबाईंनी ढब्बूला तिच्या चोचीला लावलं. टिपरीनं मान फिरवली. इकडून लावलं, तिकडे फिरवली. "म्हं," पाटलीणबाई म्हणाल्या. चोचीत ढब्बू होता ना, दुसरं काय म्हणणार. टिपरी मिटल्या चोचीतूनच म्हणाली, "ऊंऊं." कारल्याची भाजी वाढली की इथे दोघांचं चालतं, तसंच ते. पाटलीणबाईंनी पायानं तिला जवळ ओढली. टिपरी पाठ करून बसली.

तेवढ्यात वरून पाटील म्हणाले, "लेकराला नको असेल तर कशाला बळजबरी? तिचं पोट बिघडलं असेल. थोडा ओवा दे."

आता सांगा, पाटलीणबाईंनी किती सोसायचं? त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा ओवा घाला चुलीत!"

आणि चोच उघडली ना.

ढब्बू सुटला. फांदीवर आपटला, पानावरून घसरला, खाली गेला. आणि खाली कोण उभं होतं? राजा. आठवतोय ना राजा? सरबताला लिंबू हवं होतं, आणि नोकर जेवायला बसले होते, म्हणून बिचारा स्वतःच आला होता. ढब्बू थेट त्याच्या फेट्यात पडला. शिंगांवर अजून थोडं तेल होतं. राजानं नाक वर केलं, हुंगलं आणि म्हणाला, "शी!" फेटा काढून त्यानं कुंपणावर भिरकावला आणि लिंबू न घेताच आत गेला. हुकूम सोडला, की तो फेटा आता महालात आणायचा नाही. झालं. राजाचं काम संपलं.

फेटा मेंदीच्या कुंपणावर लटकत राहिला. पाटलीणबाई त्याच्याभोवती पुष्कळ फिरल्या. पण फेट्याच्या घड्या किती, आणि आत चोच घातली की ती जरीत अडकायची. ढब्बू आतल्या घडीत जाऊन बसला. या खेपेला तो अजिबात फिरला नाही. एवढं सगळं झाल्यावर त्याला झोप आली होती. त्यानं कमरेला एक धागा बांधला, अंगावर पांघरूण ओढलं आणि गप्प पडून राहिला. तुम्ही आता पडायला हवंय तसा.

भिंगरी रोज फेट्यापाशी यायची. आतून काही आवाज नाही. तिला वाटायचं, लेकरू गेलं असेल. तरी यायची.

आणि एका सकाळी फेट्याची घडी हलली. आतून आधी दोन मिशा आल्या, मग एक चुरगळलेलं काहीतरी आलं आणि उन्हात बसलं. हळूहळू ते चुरगळलेलं उलगडत गेलं. पिवळं आणि काळे ठिपके. ढब्बूनं पंख एकदा मिटले, एकदा उघडले, आणि विचारलं, "आई, आता काय करायचं असतं?"

"आता फिरायचं," भिंगरी म्हणाली. "पाहिजे तिथे फीर."

आणि ढब्बू उडाला. वाकडातिकडा, अडखळत, पण उडाला. पाटलांच्या नाकासमोरून गेला, तेव्हा पाटील म्हणाले, "हे कुणाचं पोर? चांगलं आहे की." त्यांनी पंख असलेलं भिंगरीचं पोर कधी पाहिलंच नव्हतं. भिंगरीनंही नव्हतं. ती बघतच राहिली, बघतच राहिली.

मग ढब्बू लिंबोणीबाईंच्या पांढऱ्या फुलांवर बसला. या फुलावरून त्या फुलावर गेला, आणि जाताना त्याच्या पायांना लागलेली पिवळी धूळ फुलाफुलाला लागली. त्या वर्षी लिंबोणीबाईंना एवढी लिंबं धरली, की फांद्या वाकल्या. म्हातारीनं पानाच्या कानात तेच सांगितलं होतं. पानं जातील, पण जरा थांब. बाईंनी काटे मात्र काढले नाहीत. त्या तेवढ्या भोळ्या नव्हत्या.

आणि टिपरी? तिनं पुन्हा तांबडी शिंगं असलेल्या कशालाही चोच लावली नाही. किडे, माश्या, उंबराची फळं खाऊन ती छान वाढली. तिच्या पोरांनाही तिनं तेच शिकवलं. पण त्यातलं एक पोर म्हणे फार हट्टी निघालं आणि ढब्बूच्या पोरांना आपटून आपटून पिशवी रिकामी करून खायला लागलं.

मग? मग काय. दुसऱ्या दिवशी नातवंडांसाठी भिंगरी ओढ्याकडे निघाली, तर कुंपणातून पाटलीणबाईही निघाल्या.

"कुठे?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही जाताय तिथेच," भिंगरी म्हणाली. "पण आज नंबर माझा आधी."

ती रांग अजून चालू आहे, बरं का. रंगारीण म्हातारी अजून कढया ढवळते. तिचे हात कधी निळे, कधी जांभळे. राजानं नवा फेटा घेतला. पाटलांचं पोट बरं आहे. सगळे आपापल्या ठिकाणी नांदताहेत.

सकाळी उठलात की आपल्या परसातल्या लिंबाकडे जा. पानावर काळं-पांढरं काही दिसलं तर हात लावू नका. नुसतं नाक मुरडून "शी" म्हणा आणि पुढे जा. त्याला फार बरं वाटेल.

तान्या झोपला वाटतं. शेवू, तूही डोळे मीट. पांघरूण घे, कमरेला धागा नको बांधायला. आणि फिरायचं नाही हं, आता गप्प पडायचं. फिरायचं ते सकाळी.